ज्ञानोबामामांचा तुकडा

१४ मे, ताडकळस

आज स्वतःची फार लाज वाटली. स्टँडवर ज्ञानोबामामा भेटले. मेंढ्या राखतात, आमच्याच गल्लीतले. गेल्या वर्षी त्यांच्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, तेव्हा गाठीचा तुकडा त्यांनी आपणहून माझ्या संशोधनाला दिला होता. कॅन्सर ज्या मूळ पेशींतून पुन्हा उगवतो, त्यांतली प्रथिनं मला तपासायची होती. आणि मी तो तुकडा बर्फाबाहेर विसरले! फोनवर बोलत बसले, प्रथिनं नासली.

"पोरी, माझ्या तुकड्यात काय निघालं गं?"

"चांगलं निघालं, मामा." का म्हणाले मी असं?

"मग हे घराण्यात उतरणारं न्हाई. धाकट्या भावाला डाक्टरला दाखवायची गरज न्हाई. त्यालाबी संडासातून रक्त पडायलंय."

तेवढ्यात बस आली, ते चढून गेले. बर्फाबाहेरचा तो तुकडा काही डोळ्यांपुढून हलेना.

घरी येऊन त्यांना फोन लावला. खरं ते सांगितलं. तुकडा माझ्या हातून वाया गेला, भावाला उद्याच दवाखान्यात न्या.

मामा म्हणाले,

"नेतो की. आन् त्याला तसलंच निघालं, तर त्याचा तुकडा तू घे."