वाडगा गोठेपर्यंत

२ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

थंडी पडली का, असं तू विचारतोस. पडली काय, मानगुटीवर बसली आहे. अंगणातलं झाड परवाच्या वाऱ्यात पार बोडकं झालं, दोरीवरचे कपडे सकाळी फळीसारखे ताठ होतात आणि मी दोन स्वेटर चढवून शाळेचे गणवेश शिवते आहे. बोटं इतकी आखडतात की सुईत दोरा ओवायलाच अर्धी सकाळ जाते. तरी घरात शेगडी पेटलेली नाही! का, तर मागच्या पायरीवरचा वाडगा गोठलेला नाही.

वाडग्यातलं पाणी गोठलं की हिवाळा आला, शेगडी त्याच दिवशी पेटणार आणि ती बाबाच पेटवणार, हा नियम मला इतकी वर्षं कधी जाचला नव्हता. पण यंदा डॉक्टरांनी बजावलं की बाबांच्या छातीला इथली थंडी आणि कोळशाचा धूर, दोन्ही झेपायचं नाही. हिवाळाभर त्यांना उबदार गावी ठेवा. तेव्हा तुला काय सुचावं? वाडगा गोठला की बाबांनी तुझ्याकडे यायचं! बाबा लगेच हो म्हणाले, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

शेजारची बादली गोठते, नळ गोठतो, वाडगा मात्र ढिम्म. बाबा खोकत खोकत सांगतात की ही कसली थंडी, अजून सुरुवातसुद्धा नाही. मला अगदी वीट आलाय. हसून सोडून देऊ नकोस, काहीतरी कर.

वहिनीला आशीर्वाद. रागावले असले तरी माया आहेच, एवढं धरून चाल.
तुझी ताई

९ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून इथल्या पंख्याखालीही हुडहुडी भरली. पण मी काय करू सांग? दोनदा रजा टाकली, दोनदा मागे घेतली, आता साहेब माझ्याकडे बघून नुसते मान हलवतात. हिने कपाट रिकामं केलंय, खोलीला रंग दिलाय. मी येऊन ओढून नेलं तर बाबा हिवाळाभर तोंड फुगवून बसतील. एकदा शब्द दिला की ते तो मोडत नाहीत, म्हणून तर ती अट घातली.

तू थंडीचं लिहिलंस आणि मला तो वाडगा उपडा करून काढलेली बर्फाची चकती आठवली. तू ती डोळ्याला लावून माझं नाक भोपळ्याएवढं दिसतं म्हणायचीस आणि मी भोकाड पसरायचो. आई गरम विटा फडक्यात गुंडाळून आपल्या पायाशी ठेवायची. बाबा इस्पितळ गरम ठेवणाऱ्या बॉयलरवर कामाला जायला अंधारातच निघायचे. तिथे पोचल्यावर आधी पायऱ्यांवर मीठ टाकायचे, बर्फ धरू नये आणि कुणी घसरू नये म्हणून. घरी आले की त्यांचे तळहात इतके उबदार असायचे की त्यात पाय ठेवायला आपली भांडणं लागायची.

वाडगा भिंतीला फार चिकटून तर ठेवला नाही ना? जरा सरकवून बघ. चिडू नकोस, आणि शिव्या घातल्यास तरी पत्र लिहीत राहा.
तुझा धाकटा

१६ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

वाडगा सरकवायला नको. तुझं पत्र वाचता वाचता मी त्या मिठापाशी अडले, तशीच उठून मागच्या पायरीवर गेले आणि वाडग्यात बोट बुडवून चाखलं. खारट! आपल्या बाबांनी, या वयात, स्वतः कुडकुडत बसून, रोज वाडग्यात मीठ टाकलं!

मी घर डोक्यावर घेतलं. बाबा शांतपणे म्हणाले की पाणी गोठलं पाहिजे एवढंच ठरलं होतं, कसलं पाणी ते ठरलं नव्हतं. मी वाडगा घासून ताजं पाणी भरलं. सकाळी जाडजूड चकती निघाली, ती मी त्यांच्यापुढे आदळली. ते म्हणाले की जन्मभर मी लोकांना ऊब दिली. जिथे थंडीच नाही तिथे मी काय करायचं, नुसतं बसून खायचं? धाकट्या, मला इतका राग आला होता, तरी मी उठून त्यांच्या खांद्यावर शाल टाकली.

ते येताहेत. रविवारी त्यांना न्यायला ये. आज त्यांनी शेगडी पेटवून दाखवली, हवेची झडप किती उघडायची ते तीनदा समजावलं. मी मान डोलावली आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले.

त्यांना जप, आणि माझ्यावर राग धरू नकोस.
तुझी ताई

२० डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बाबांचा खोकला कमी आहे, पण माझी सहनशक्ती संपली. इथे वाडगा गोठला की मी घरी परत जाणार, असं त्यांनी प्रवासातच ठरवून टाकलं होतं. इथे तर सावलीतही घाम फुटतो, म्हणून मी हसत हो म्हटलं. रोज ते गच्चीत वाडगा ठेवायचे, रोज कोमट पाणी कुंडीत ओतायचे. मला वाटलं, रमतील.

गेल्या आठवड्यात तुझं पत्र आलं, की शेगडी आता एका काडीत पेटते, बाबांनी मुळीच काळजी करू नये. त्यांना बरं वाटेल म्हणून मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. त्या दिवशी ते जेवलेच नाहीत. आणि काल सकाळी माझ्यासमोर टेबलावर बर्फाची चकती! फ्रीजमध्ये गोठवलेली. पाणी कुठे गोठलं पाहिजे ते ठरलं नव्हतं, म्हणतात. मी भयंकर चिडलो. ओरडायला तोंड उघडलं, पण का कोण जाणे, ती चकती उचलून डोळ्याला लावली. पलीकडे बाबा उभे होते, लोकरीचा कोट चढवून, हातात बॅग घेऊन, घामाने निथळत.

परतीचं तिकीट मी काढलेलं नाही. उन्हाळा लागेपर्यंत काढणारही नाही, डॉक्टरांनी तसं बजावलंय. पण ताई, आता बाबांच्या नावाने एक पत्र टाक. शेगडी पेटत नाही म्हणावं. घरभर धूर होतो, झडपेचं काही कळत नाही, सविस्तर लिहून कळवा म्हणावं. आणि त्यांनी कितीही समजावलं तरी पुढच्या पत्रातही तिला पेटू देऊ नकोस.

दोघांवरही तुझी माया राहू दे.
तुझा धाकटा