रुद्रभूमीच्या सुनावणीची सरकलेली तारीख

प्रति,
मा. सुनावणी अधिकारी साहेब,
जमीन शाखा, तालुका कार्यालय

विषय : मोबाईलवरील 'सुलभ वाचन' सोयीने चुकीची तारीख दाखविल्यामुळे मौजे हिवरकुंड, जि. बीड येथील रुद्रभूमीची सुनावणी पुन्हा घेणेबाबत.
संदर्भ : आपली मोबाईलवर आलेली नोटीस.

महोदय,

अर्जदार गंगासागर सोमेश्वर मेनकुदळे, किराणा दुकानदार, विनंतीपूर्वक कळविते की,

१. रुद्रभूमीतून, म्हणजे आमच्या लिंगायत समाजाच्या दफनभूमीतून, गोदामाचा रस्ता काढण्यास अर्जदाराने हरकत घेतली होती. अर्जदाराचे पती तिथेच पुरलेले असून आखणी त्यांच्या समाधीवरून जाते.

२. नोटिशीचे अक्षर मुंगीएवढे होते. बोटाने मोठे करावे तर ओळीचा शेवट पडद्याबाहेर जाई, तो ओढून आणावा तर सुरुवात पळे. म्हणून अर्जदाराने नोटिशीतलेच 'सुलभ वाचन' बटण दाबले. अक्षरे ठसठशीत झाली, ओळी पडद्यात बसल्या, अर्जदारास हायसे वाटले. परंतु मूळ नोटीस रकान्यांची होती. रकाने मोडून एकाखाली एक लागताना शेजारच्या गावाची तारीख हिवरकुंडखाली आली. सोमवारची सुनावणी गुरुवारची दिसली.

३. गुरुवारी दुकान बंद ठेवून अर्जदार जावेसह हजर झाली. लिपिक म्हणाले, "मावशी, तुमचं सोमवारीच झालं. गैरहजर म्हणून हरकत निकाली काढली." अर्जदाराने मोबाईल पुढे केला. "ह्ये बगा, गुरुवारच हाय. तुमच्याच बटणानं दाखवलंय." त्यांनी स्वतः बटण दाबले, त्यांनाही गुरुवारच दिसला. तरी म्हणाले, "ती नुसती वाचायची सोय. ग्राह्य मूळ प्रतच." जी वाचता येते ती ग्राह्य नाही आणि ग्राह्य ती वाचता येत नाही, तर नोटीस बजावली कुणाला, हे अर्जदारास अद्याप समजलेले नाही.

४. लेखी तक्रार दिली. उत्तर पुन्हा मोबाईलवर, त्याच बारीक अक्षरात. बटण दाबल्यावर वाचता आले ते असे : 'आपल्या तक्रारीचे निवारण झाले असून नवीन हातपंप बसविण्यात आला आहे.' अर्जदाराने हातपंप मागितला नव्हता.

५. काल मोजणीदार चुना घेऊन आले. अर्जदार समाधीला टेकून बसली. ते म्हणाले, "मावशी, उठा, आमाला आदेश हाय." अर्जदार म्हणाली, "मग वाचून दावा." त्यांनी मोबाईल उघडला, पुष्कळ वेळ बोटे फिरवली, परंतु गट नंबर काही सापडेना. अखेर टेप गुंडाळून "कागदावरच आणतो" म्हणत ते परतले.

तरी सुनावणी पुन्हा घ्यावी आणि तिची नोटीस मोठ्या अक्षरात, कागदावर द्यावी. तोवर अर्जदार दुकानी भेटणार नाही. ती रुद्रभूमीत बसलेली आहे, नोटीस तेथेच बजावावी.

सोबत : चुकीची तारीख दिसणाऱ्या पडद्याचे छायाचित्र, मोठे करून.

आपली नम्र आणि थकलेली,
गंगासागर सोमेश्वर मेनकुदळे
हिवरकुंड, दि. १४ नोव्हेंबर २०२५