चेत्ताच्या खालची पट्टी

मी, विस्तिन बुतिजीज, वय एकोणऐंशी, मूळचा माल्टा बेटावरचा, गेली साठ वर्षे उत्तर क्वीन्सलंडच्या ऊसपट्ट्यात राहणारा, शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दबावाखाली नसताना हे माझे शेवटचे इच्छापत्र लिहितो. आधीचे रद्द समजावे. आधीचे एकच होते, ते उंदरांनी खाल्ले.

लिहायला फार उशीर झाला, याबद्दल माझी मुलगी पावलीना हिची मी प्रथम माफी मागतो. वकील म्हणाले, मृत्युपत्रात माफी मागत नाहीत. मी विचारले, मग कशात मागतात? त्यांनी चष्मा पुसला आणि लिहा म्हणाले.

माझे शिक्षण तिसरीपर्यंत. माझा शेजारी नेनू सालिबा म्हणतो की मी स्वल्पविराम खतासारखे टाकतो, हाताला येतील तिथे. तेवढे सांभाळून घ्यावे.

पहिले. राहते घर, विहीर आणि मागची लिंबाची दोन झाडे पावलीनाला द्यावीत. पूर्वेकडचा पन्हाळ गळतो, त्याखाली बादली ठेवावी, ती दर पावसाळ्यात मीच ठेवतो आणि माझ्यानंतर कोण ठेवील ही काळजी आहे. चेत्ताचे, म्हणजे माझ्या दिवंगत पत्नीचे कपाट मी एकोणीस वर्षांत एकदाच उघडले आणि लगेच लावले. तिचा वास आत जो काही उरला असेल तो पावलीनाने आधी घ्यावा, मग खिडक्या उघडाव्यात.

दुसरे. उसाची जमीन पुतण्या लेली याला. तोच ती करतो, खोडवा चांगला राखतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण गेल्या रविवारी तो माझ्या खुर्चीत बसून पाहत होता. मला वाटते त्याला मी दारात उभा दिसलो नाही. खुर्ची त्याला नाही. शेजारचा झम्मित, नावाने फ्रेन्च पण आमच्याच बेटावरचा, त्याने १९४९ साली कुंपण सरकवून माझ्या सात सऱ्या घेतल्या. सहा सऱ्यांची मी त्याला क्षमा करतो. सातवीबद्दल त्याने देवाशी बोलावे.

तिसरे. ऊस तोडायचा कोयता नेनूला द्यायचा होता. पण वकील म्हणाले, जो साक्षीदार म्हणून सही करील त्याला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. मला दोन रात्री झोप लागली नाही. शेवटी नेनूच म्हणाला, "अरे म्हाताऱ्या, मग कोयता आजच दे ना. मरायची वाट कशाला बघू? तू काय त्यातही उशीर करशील." कोयता त्याने नेला आहे. इथे लिहिले ते कोणी शोधत बसू नये म्हणून.

चौथे. बँकेत जे आहे ते सगळे आमच्या सेंट पब्लियस शाळेला, माझ्या माणसांच्या स्मरणार्थ. कशासाठी ते मी ठरवले आहे. शाळेने त्यातून कार्यालयाला रंग देऊ नये.

माझा सोबती कार्मनू याच्या नावाने मैदानाच्या कडेला पिण्याच्या पाण्याचा नळ बसवावा. आम्ही एकाच बोटीने आलो, एकाच तंबूत राहिलो. फड जाळून मगच ऊस तोडायची रीत तेव्हा नव्हती. उंदरांच्या मुताने ताप यायचा, त्यात तो चौतीस साली गेला. शेवटच्या दिवशी त्याने चारदा पाणी मागितले आणि डॉक्टर नको म्हणाले होते म्हणून मी दिले नाही. नळाला तोटी चांगली असावी, मुलांना सहज फिरवता येईल अशी.

माझ्या मुलाचे नाव ज्यानी. तो नऊ दिवस जगला. त्याच्या नावाने पहिलीच्या वर्गात एक खुर्ची, सर्वांत लहान मापाची. चेत्ता असताना त्याच्या नावाने काही केले नाही, तिला ते नाव लिहिलेले बघवले नसते.

माझ्या वडिलांच्या नावाने घड्याळ. आमच्या गावच्या चर्चला दोन घड्याळे होती, एक खरे आणि एक मुद्दाम चुकीची वेळ दाखवणारे, सैतानाला मिस्सा प्रार्थनेची वेळ कळू नये म्हणून. वडील खऱ्याला किल्ली द्यायचे. शाळेला एकच द्यावे.

पाचवे. यासाठीच हे सगळे लिहायला बसलो आहे.

शाळेच्या व्हरांड्यात पितळी पट्ट्यांच्या दोन भिंती आहेत. डावीकडे दिवंगतांच्या नावाने दिलेल्या देणग्या, उजवीकडे हयात माणसांच्या सन्मानार्थ दिलेल्या. डाव्या भिंतीवर चेत्ताच्या खाली पावलीनाची पट्टी आहे. पावलीना जिवंत आहे. ती रॉकहॅम्प्टनला राहते.

ती अठराव्या वर्षी मठात गेली आणि सिस्टर होऊन तिने याच शाळेत पाच वर्षे पहिलीला शिकवले. तेव्हा चर्चमध्ये मला पुढच्या बाकावर जागा करून देत. मग बासष्ट साली तिने मठ सोडला आणि रेल्वेतल्या एका प्रॉटेस्टंट फिटरशी कचेरीत सही करून लग्न केले. पुढचा बाक कोणी काढून घेतला नाही, मीच मागे जाऊन बसलो. चेत्ता म्हणायची, "तिला बोलाव रे, एकदा जेवायला तरी बोलाव." मी म्हणायचो, कोणाला? सहासष्टच्या मार्चमध्ये चेत्ता गेली. मी पावलीनाला तार केली नाही.

त्याच वर्षी मी शाळेला दोन पट्ट्यांचे पैसे दिले. तेव्हाच्या मुख्याध्यापिका सिस्टर ब्रेंडन यांनी अर्ज पुढे ठेवला, त्यावर दोन चौकोन होते. दोन्ही चौकोन कशाचे ते त्यांनी मला वाचून दाखवले. शेवटी विचारले, "विस्तिन, खुणा बघून केल्यात ना?" मी हो म्हणालो.

आमच्या शाळेत दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, डाव्या भिंतीवरची नावे मोठ्याने वाचतात. प्रत्येक मूल एक चिठ्ठी उचलते आणि चिठ्ठीतल्या माणसासाठी महिनाभर प्रार्थना करते. आईचे जाणे पावलीनाला नेनूच्या बायकोकडून कळले होते. त्या नोव्हेंबरात ती कबर पाहायला आली, आणि जुनी शाळा म्हणून व्हरांड्याच्या पायरीवर उभी राहिली. आईचे नाव वाचले गेले. मग तिचे. सगळी पोरे एका सुरात म्हणाली, हे प्रभो, तिला चिरंतन विश्रांती दे. मी समोर होतो. तिने माझ्याकडे पाहिले आणि टोपी घालून निघून गेली. टोपी निळी होती.

गावात मी सांगितले की अडाणी माणूस, चुकीच्या चौकोनात खूण केली. सगळ्यांनी मानले. नाताळाला तिचे पत्र आले. त्यात एवढेच होते: "पापा, एकच सांगा. चुकून झालं की जाणूनबुजून?"

मी उत्तर दिले नाही. पत्र खुर्चीच्या गादीखाली आहे, म्हणून ती खुर्ची लेलीला नाही.

नेनू थट्टा करायचा की अख्ख्या क्वीन्सलंडात कोणा जिवंत बाईसाठी इतकी प्रार्थना झाली नसेल, पोरगी शंभरी गाठणार. गेल्या गुरुवारी घेवड्याच्या शेंगा सोलताना मी त्याला खरे सांगितले. तो बराच वेळ सोलत राहिला. मग म्हणाला, "खताच्या पोत्यावरचं बारीक अक्षर वाचतोस तू. मला काय ठाऊक नव्हतं होय?"

तर पावलीना, लेखी देतो. चुकून झाले नाही. मला वाचता येत होते. चेत्ता गेली त्याचा राग मला कोणावर तरी काढायचा होता आणि तू दूर होतीस. खूण केली त्याच संध्याकाळी मला ती खोडायची होती. मग उद्या म्हणालो. एकोणीस वर्षे दर नोव्हेंबरात मी व्हरांड्यात मागच्या बाकावर बसून तुझे नाव ऐकले, आणि तुला खरे सांगतो, वर्षभरात तेवढ्याच दिवशी कोणीतरी ते माझ्यासमोर मोठ्याने घेत असे, म्हणून मी जात असे.

गेल्या वर्षी मी स्क्रू काढायला पेचकस घेऊन गेलो होतो. स्क्रू गंजले आहेत. नव्या मुख्याध्यापिका बाईंनी पाहिले, खुर्ची दिली, पाणी दिले. म्हणाल्या की पट्टी काढायची तर देणाऱ्याने कारण लिहून द्यावे. ते वर दिले आहे. उजव्या भिंतीवर लावायची तर ज्याचे नाव त्याची संमती हवी. ती माझ्या हातात नाही. तुला कोणत्याच भिंतीवर नको असेल तर पट्टी तुझ्याकडे पाठवतील, तिचे काय करायचे ते तू ठरव.

माझा दफनविधी साधा करावा. चेत्ताच्या शेजारी जागा आहे. शवपेटीवर फ्रेन्च झम्मितच्या बागेतली फुले नकोत.

हे मी स्वतः वाचले, समजले, आणि दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही केली.

सही: विस्तिन बुतिजीज
साक्षीदार: १. नेनू सालिबा, ऊस बागायतदार. २. थेल्मा ओगिल्वी, पोस्टमास्तरीण
ठिकाण: वॉलेरू क्रीक, क्वीन्सलंड
दिनांक: १४ सप्टेंबर १९८५

सहीच्या खाली लिहिलेले कायद्यात धरत नाहीत, असे वकील म्हणाले. म्हणून हे इथे लिहितो. पावलीना, मी मरेपर्यंत थांबायचे नाही म्हणून याची एक प्रत आजच तुला टपालाने पाठवतो आहे, थेल्माबाईंनी तिकीट लावले आहे. दोन नोव्हेंबरला अजून सात आठवडे आहेत. त्याच्या आत काहीतरी कळव. रागाचे असले तरी चालेल. दोन ओळी पुरेत, लवकर पाठव. मला वाचता येते.