मुशीच्या तेलाच्या बाई

बाई, आज इथं आखातात, मनामाच्या बाजारात एकजण मुशी मासा कापत होता. काळीज काढून त्यानं डब्यात भिरकावलं आणि त्या वासानं मी तिथंच थांबले. नवरा ओरडतोय, "यल्ला, चल लवकर, गाडी तापतेय." तापू दे. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, आणि मला वाटलं आत्ता हाक माराल.

घरच्यांनी चौथीतून काढून मला तुमच्याकडे काळजं धुवायला लावलं. लढाईत विलायती कॉडलिव्हर तेलाच्या बाटल्या यायच्या बंद झाल्या, म्हणून सरकारनं तुम्हाला मुंबईहून आमच्या बंदरावर धाडलेलं. मुलांच्या कॉलेजात एकट्या शिकलेल्या बाई तुम्ही, आणि दिवसभर मुशीच्या काळजांत हात. बारीक चिरायचं, वाफेवर ठेवायचं, तेल आपणहून सुटेस्तोवर बसायचं. मला कुठलं बसवतंय. तुमची पाठ वळल्यावर मी जाळ वाढवला आणि सगळं तेल काळं पडलं. तुम्ही आवाज चढवला नाहीत. "तेलाला घाई नाही, तुलाच आहे," म्हणालात आणि पुन्हा चिरायला बसलात. हळदीकुंकवाला बायका तुमच्या शेजारी नाकाला पदर लावून बसायच्या. एक म्हणाली, "बाई, पुढच्या वेळी अत्तर लावून या हो." तुम्ही म्हणालात, "लावलंय. लावूनच हे असं आहे." त्या तेलावरचं तुमचं संशोधन छापून आलं तेव्हा वर नाव तुमच्या मुंबईच्या साहेबांचं. तुम्ही ते वाचलंत, त्यातल्या चुकांवर खुणा केल्यात आणि उठून कामाला लागलात. माझ्या लग्नात लुगडं दिलंत, तेही लिंबाच्या पाण्यातून काढून, नव्या नवरीला वास नको म्हणून.

आता माझी थोरली मुलगी इथल्या ईसा टाउनच्या शाळेतून बारावी झालीय. तिला मुंबईला जाऊन केमिस्ट्री करायचीय, पुढं संशोधन. नवरा म्हणतो, इथंच जवळ अदलियात एका ऑफिसात टायपिस्टची जागा आहे, दोन वर्षं करू दे, मग लग्न, खलास. वर मला विचारतो, "तुझी ती बाई एवढी शिकली, काय मिळालं तिला? एकटीच मेली ना?" मी म्हटलं, तू कोणाला बरोबर घेऊन मरणार आहेस? तरी कबूल झाला नाही.

काल मी चपात्या लाटत होते, तर पोरगी शेजारी येऊन उभी राहिली. म्हणाली, "आई, वॉज शी हॅपी?" एवढंच. बापाच्या बोलण्यानं घाबरलेली, दिसत होतं. मी मान वर न करता म्हटलं, "होत्या. खूप. तू जायची तयारी कर, बाबांचं मी बघते." रात्रभर तिच्या खोलीतून बॅग ओढल्याचा आवाज.

संध्याकाळी काम आटपलं की तुम्ही धक्क्यावर एकट्याच पाण्याकडे बघत बसायचात. मी लांबून बघायचे आणि घरी पळायचे. आज कोणी मला तिथं नेऊन सोडलं तर हलणार नाही, उठवलंत तरी नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच आहे. पोरीला मी ठासून सांगितलं, पण बाई, तुम्ही सुखी होतात का ते मला ठाऊक नाही.