सोनीला सिल्लोडला पाठवणार नाही

मंगळवार, संध्याकाळ

सासूबाईंचं आज पुन्हा तेच. "घरभर मांजरीचे केस! सोड तिला सिल्लोडला, तुझ्या नणंदेकडं." सोनी कुठंही जाणार नाही. पण फरशी रोज पुसू कशानं? नळ आठव्या दिवशी येतो. म्हणून व्हॅक्यूम क्लीनरवाल्याला घरीच बोलावलं.

तो म्हणे, "मॅडम, पाण्यावालं घ्या, केस पाण्यात बसतात." इथं प्यायला पुरेना, केसांना कुठून पाजू? चार्जिंगवालं तर अर्ध्या खोलीतच मान टाकतं. मग वायरचं, बिनपिशवीचं चालवायला लावलं.

पारदर्शक डबा भरला. सोनीचे पिवळे केस चिमूटभर, बाकी सगळे लांब, पांढरे.

"आई, सिल्लोडला नक्की कुणाला सोडायचं?"

सासूबाई चष्मा पुसत म्हणाल्या, "हेच घे. वायर माझ्या खोलीपर्यंत पुरते का, तेवढं बघ."