बिनआवाजाचा कॉम्प्युटर

४ मार्च, मंगळवार

आले एकदाची. दोन बॅगा, एक उशी आणि आईने बळंच कोंबलेली छत्री. डायव्हिंगच्या सामानाचं दुकान बंदराच्या उतारावर आहे आणि माझी खोली त्याच्या वर. खिडकी उघडली की समोर समुद्र आणि खाली वाळत घातलेले रबरी सूट, माणसं दोरीवर टांगल्यासारखे. मालक साठीचे. आयुष्यभर डुबक्या मारून डावा कान गेलेला, म्हणून त्यांच्याशी उजव्या बाजूने बोलायचं. आईला फोन केला तर म्हणते, घोटाभर पाण्यात किंचाळणारी तू, लोकांना समुद्रात काय उतरवणार? मी म्हटलं, मी फक्त काउंटरपर्यंत उतरवणार आहे.

घड्याळांच्या दुकानात सहा वर्षं काढली म्हणून मनगटी डाइव्ह कॉम्प्युटरचं कपाट माझ्याकडे आलं. छान वाटतंय.

६ मार्च, गुरुवार

दिवसभर शिकले. दिसायला जाडं घड्याळ, पण किती खोल आहात, तिथे अजून किती मिनिटं थांबता येईल, हे सगळं सांगतं. आणि वर येताना घाई झाली की ओरडतं. मालकांनी सोड्याची बाटली एकदम उघडून दाखवली. माणसाच्या रक्तात असं होतं म्हणाले. म्हणून आपल्याच सर्वांत लहान बुडबुड्यापेक्षा हळू वर यायचं, आणि पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं.

निवडून द्यायची त्यांची पद्धत मला आवडली. मॉडेलचं नाव शेवटी. आधी गिऱ्हाइकाचे डोळे बघायचे, आकडे दिसतील का. मग बोटं, हातमोज्यातून बटण दाबता येईल का. मग विचारायचं, पाण्यात सर्वांत जास्त भीती कशाची वाटते.

८ मार्च, शनिवार

पहिली विक्री! पियानो सुरात लावणारे एक काका आहेत, अठ्ठावन्न वर्षांचे. स्कुबा डायव्हिंगचा कोर्स नुकताच संपवलाय आणि पोरासारखे खूश आहेत. आज तिसरी खेप त्यांची. बरोबर काकू होत्या, त्या खुर्चीत बसून नुसत्या हसत होत्या. मोठ्या आकड्यांचं मॉडेल काकांना पसंत पडलं, पण अलार्म ऐकवला तर त्यांनी दात दुखावा तसं तोंड केलं. “हा आवाज सुरात नाहीये गं. हा कानात वाजत राहिला तर मी मासे काय बघणार?”

आता हे चौथ्यांदा येतात की काय असं वाटलं. म्हणून मी मेनूत जाऊन सगळे आवाज बंद करून दिले. म्हटलं, काळजी नको, धोका असला की मनगटावर थरथर होईल. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

संध्याकाळ

माहितीपुस्तिका वाचत होते. थरथर शेजारच्या मॉडेलला आहे. याला नाही.

वॉरंटीच्या कार्डावर काकांचा फोन नंबर आहे. आत्ता फोन केला तर मालकांसमोर शोभा होईल. सोमवारी करते.

१० मार्च, सोमवार

गर्दी होती. फोन राहिला.

१३ मार्च, गुरुवार

आज नक्की करायचा होता. पण पाच दिवसांनी काय सांगू? की मी न वाचताच बोलले? ते स्क्रीन बघतीलच की. शहाणे आहेत.

१६ मार्च, रविवार

काका गेले.

बोटीवरचा प्रशिक्षक सांगायला आला होता. अठ्ठावीस मीटरवर होते. डोळ्यांवरच्या मास्कमध्ये पाणी शिरलं, गोंधळले आणि सरळ वर सुटले. एका मिनिटाच्या आत. बोटीवर घेतलं तेव्हा श्वास नव्हता.

१७ मार्च, सोमवार

काकू कॉम्प्युटर घेऊन आल्या. चौकशी अधिकारी शुक्रवारी येणार, तोवर तो दुकानात ठेवायचा आहे. मालकांनी त्यातली शेवटच्या डुबकीची नोंद काढली. वर जाणारी रेघ भिंतीसारखी उभी, आणि अलार्म सगळे बंद.

मालकांनी मला विचारलं, देताना चालू होते ना?

मी हो म्हटलं. त्यांनीच नंतर बंद केले असतील, त्यांना आवाज आवडत नव्हता, असंही म्हटलं. कुणी विचारलं नसताना.

 काकू म्हणाल्या, “गजराचं घड्याळसुद्धा मीच बंद करायचे. त्यांना जमायचं नाही.” मला दोष देत नव्हत्या. खरंच कोड्यात पडल्या होत्या.

कॉम्प्युटर माझ्या खणात आहे.

१८ मार्च, मंगळवार

सकाळी खण उघडला तर स्क्रीन चालू. खोली: २८ मीटर. कोरड्या खणात. मालक म्हणाले, खारं पाणी शिरलं असेल. त्यांनी बॅटरी काढून माझ्या हातात दिली.

दुपारी तीन वाजता, बॅटरीशिवाय: २६.

१९ मार्च, बुधवार

१७ मीटर. पाण्याचं तापमान चौदा अंश. दुकानात मला घाम फुटलाय. पट्टा ओला आहे. पुसला, परत ओला.

मालकांना बोलावून दाखवलं. त्यांना काळी स्क्रीन दिसते. म्हणाले, तू जेवत नाहीस, दोन दिवस सुट्टी घे.

आकडा फार सावकाश कमी होतोय. मध्येच थांबतो, मग पुन्हा कमी. घाई अजिबात नाही. यावेळी काका वर येताना सगळं नियमाने करतायत.

२० मार्च, गुरुवार

काकूंच्या घरी गेले. सांगायचंच होतं. दार त्यांनीच उघडलं, मला बसवलं, आणि पियानोवरची धूळ पुसत म्हणाल्या, नवरा एवढा बेफिकीर असेल असं कधी वाटलं नव्हतं, आता त्यांच्यावर रागच येतो. बत्तीस वर्षांचा संसार. आणि त्या माझ्यामुळे त्यांच्यावर रागावल्यात.

मी पाणी प्यायले आणि उठून आले. सांगितलं नाहीच.

दुकानात: ९ मीटर.

२१ मार्च, शुक्रवार

सकाळचे अकरा. अधिकारी आणि काकू बारापर्यंत येतील. मालक बोटीवर.

५ मीटर. खाली उलटी मोजणी— तीन मिनिटं.

थांबलेत.

दाराला आतून कडी आहे. काउंटरच्या मागे फरशीवर पाणी. मीठ जिभेवर येतंय.

२:१० — पळून जाऊ शकते. गेले तर काकू कायम त्यांनाच— नाही. लिहिते. हे पान काकूंना द्या.

१:२५ — काकू, काकांचा दोष नव्हता. त्यांना काही ठाऊकच नव्हतं. थरथर होईल असं मी सांगितलं. ते वाट बघत राहिले असतील, मनगटावर काहीतरी होईल म्हणून—

०:४० — चुकलं ते मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. नंबर समोर होता. आठ दिवस—

हात बधिर झालाय. थंड. कुणीतरी मनगट—

३ मीटर. २.

काकू, आवाज त्यांनी नाही, आवाज मी