ह्यांच्या जागेवर

३ जून
आज अमरावतीत रुजू झाले. हे मार्चमध्ये गेले, त्यांच्याच जागेवर, कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून. विभागप्रमुख सरांनी चहा पाजला, राजापेठेत खोलीही लगेच मिळाली. अकोल्याहून निघताना धास्ती होती, पण दिवस चांगला गेला. करिश्मा नावाची मुलगी इथे संशोधन करते. तिने काम समजावलं. पेप्टाइड म्हणजे प्रथिनांचे बारीक तुकडे. सोड्याच्या पाण्यात ते सुटे राहतात. थोडं आम्ल टाकलं की आपोआप एकमेकांना धरतात, धागे होतात आणि पाण्याची जेली बनते. मीठ किंवा उष्णता बदलली की त्याच तुकड्यांचे गोळे होतात, नाही तर नळ्या. कुणी बांधत नाही. मला मजा वाटली.

६ जून
हे इथे बिनसाखरेचा चहा घ्यायचे, असं करिश्मा म्हणाली. रविवारी अकोल्याला आले की दोन चमचे साखर लागायची. झाडणाऱ्या माणिकबाई म्हणाल्या, "तुमचा माणूस इथं लय हसे. गाणे म्हने. घरी बी असाच होता काय वो?" मी हो म्हटलं. घरी हे बोलतसुद्धा नव्हते.

१० जून
ह्यांनी शेवटचं बनवलेलं द्रावण काचेच्या बशीत झाकून ठेवलं आहे. करिश्मा त्याच्यापाशी बसून म्हणाली, कुलदीपदादा असते तर बरं झालं असतं. आणि ते गोठलं. आम्ल टाकलंच नव्हतं. वर अंगठ्याचा ठसा, त्यात विळ्याने कापल्याची तिरकी खूण. ह्यांचा अंगठा मी ओळखते. करिश्माचं लक्ष नव्हतं. ती उठून गेली आणि जेलीचं पुन्हा पाणी झालं. मग मी जवळ बसले. बराच वेळ बसले. पाणीच राहिलं.

१४ जून
आज ती पाठमोरी बोलत होती आणि बशीतून जेलीचा अख्खा पंजा वर आला. पुन्हा तिच्याचसाठी. आधी घाबरले, मग चीड आली. मेल्यावरही तिच्याचकडे? सरांना सांगितलं, करिश्मा नमुने बिघडवते. खोटं होतं. सरांनी तिला घरी पाठवलं. जाताना तिने विचारलं, ताई, माझं काय चुकलं. मी परीक्षानळ्या धूत राहिले.

१७ जून
आम्ल टाकलं. मीठ टाकलं. कोमट केलं. पाणी.
'अहो' अशी हाक मारली. पाणी.
आमच्याकडे नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लग्नातल्या उखाण्यानंतर मी कधी घेतलं नाही.

१८ जून
तिची ओढणी खुर्चीवर राहिली आहे. ती घेतली. तिच्यासारखी हसले आणि म्हटलं — कुलदीपदादा.
मनगटापर्यंत आला.
नवऱ्याला दादा म्हटलं मी. पण आला.

१९ जून
एवढ्याशा बशीतून खांद्यापर्यंत. गार. आत नुसते धागे. माझा उजवा हात धरलाय, डाव्याने लिहिते. बोटं त्याच्यात रुतली आहेत, निघत नाहीत. गातोय. हे गाणं घरी कधी —
हा करिश्माला धरून बसलाय. मला नाही.
ओढणी टाकली. म्हटलं, अहो, मी शकुन.
गाणं थांबलं. सुटायला लागलाय. पाणी टेबलावरून खाली —
हात ओढला. माझी बोटंही त्या पाण्यात सुटली — दुखत नाही — मनगट आता —
तरी ओळखत नाही. अहो, मी श